उंदरांपासून होणारे ज्वर आणि आपली मूत्रपिंडे



कडावच्या पंचक्रोशीत भातशेती हाच जीवनाचा आधार आहे. जेथे भात तेथे उंदीर. खाचराच्या बांधात, गोठ्यात, कणगीपाशी त्याचा नित्य वावर असतो. त्याच्यापासून आपल्या मूत्रपिंडांना पोहोचणाऱ्या अपायाविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

आपल्याकडे यात पहिले नाव लेप्टोस्पायरोसिसचे. त्याचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात वस्ती करतात. उंदराला त्याची फारशी बाधा होत नाही. मूत्रावाटे ते पाण्यात व चिखलात उतरतात आणि पायांच्या चिखल्यांतून, ओरखड्यांतून माणसाच्या शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व त्यानंतर मुंबईत या रोगाची साथ उद्भवली. शेतकऱ्याला मात्र महापुराची गरज नसते. लावणीचा चिखल पुरेसा होतो.

दुसरे नाव हंताविषाणूचे. १९५० नंतरच्या कोरियन युद्धात सुमारे तीन हजार सैनिकांना ताप, रक्तस्राव व मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासले. १९७६ मध्ये डॉ. हो वांग ली यांनी रानउंदरात त्याचा विषाणू शोधला. हंतान नदीवरून त्याला नाव मिळाले. उंदराच्या वाळलेल्या मलमूत्राची धूळ श्वासावाटे आत गेल्याने तो जडतो. वेल्लोर येथील अभ्यासांत धान्यगोदामातील कामगार व उंदीर पकडणारे इरुळा आदिवासी यांच्यापैकी काहींच्या रक्तात या विषाणूची प्रतिद्रव्ये आढळली. आपले कातकरी बांधवही शेतातील उंदीर पकडण्यात वाकबगार आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

दोन्ही रोगांचा आरंभ सारखाच: ताप, डोकेदुखी, अंगदुखी. लेप्टोमध्ये पोटऱ्या विशेष दुखतात, डोळे लाल होतात, पुढे कावीळही दिसते. लघवी कमी होणे ही दोन्हींत धोक्याची खूण. लेप्टोवर पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे लवकर दिल्यास उत्तम गुण येतो. हंतावर असे खात्रीचे औषध नाही. तेथे काळजीपूर्वक शुश्रूषा हाच उपचार.

या अंधारात एक मोठा दिलासा आहे. मधुमेहाने जीर्ण झालेली मूत्रपिंडे सहसा पूर्ववत होत नाहीत. या ज्वरांत मात्र रुग्ण वाचल्यास ती बहुधा पुन्हा काम करू लागतात. म्हणून येथे डायलिसिस हा जन्माचा बांध नसून काही दिवसांचा आधार असतो. आपल्या देणगीतून चालणारे यंत्र एखाद्या कर्त्या माणसाला पुन्हा आपल्या शेतावर पाठवू शकते. पण तो वेळेत आला तरच.

यास्तव आप्तजनांना आमची विनंती आहे. लावणी-बेणणीनंतर ताप आल्यास दुकानातील वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नका. त्यांनी मूत्रपिंडांना अधिक इजा होऊ शकते. “शेतात पाण्यात काम केले होते,” हे डॉक्टरांना आवर्जून सांगा व लघवीकडे लक्ष ठेवा. चिखल्या झालेल्या पायांनी शक्यतो खाचरात उतरू नका. कणगीची जागा झाडण्यापूर्वी जंतुनाशक पाणी शिंपडा, धान्य झाकून ठेवा.

देणगीदारांनी यंत्रांबरोबरच पाड्यापाड्यांवर ही माहिती पोहोचविण्याच्या कार्यासही हातभार लावावा. डायलिसिसची वेळच न येणे, हे आपल्या दानाचे सर्वांत मोठे यश ठरेल.