नाव ठेवणे आणि नाव काढणे

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



अशा समारंभात शिस्त, अभ्यास आणि समाजाची प्रगती यांवर बोलण्याचा रिवाज आहे. आपण ती भाषणे पुष्कळ ऐकली आहेत. मी आज फक्त एका नावाविषयी बोलणार आहे. ते नाव म्हणजे जुबेदा.

त्याला एक कारण घडले. मी नोकरीत असताना नववीतील एक मुलगी अर्ज घेऊन माझ्याकडे आली. तिला नाव बदलून हवे होते. नाव जुबेदा, तिला हवे होते झोया. कारण विचारले तर आधी बोलेना. मग म्हणाली, “बाई, वर्गात सगळ्या मला जुबेदा आजी म्हणतात.” मला हसू आले, पण ते टिकले नाही. कारण माझ्या आईचे नावही जुबेदाच होते. त्या मुलीला मी जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट अशी की, हे नाव मुळात आजीचे नव्हेच, ते नातीचे आहे. बगदाद शहर वसविणारा अब्बासी खलिफा अल-मन्सूर याची एक नात होती. तिचे खरे नाव अमतुल अझीज, असे इतिहासकार लिहितात. ती गोरीगोमटी आणि गुबगुबीत होती. आजोबा तिला खेळविताना ‘जुबैदा’ म्हणत. अरबीत ‘जुब्दा’ म्हणजे लोणी, मलई, कोणत्याही वस्तूचा उत्तम अंश. त्याचे लघुरूप जुबैदा. आपण मराठीत बाळसेदार मुलाला ‘लोण्याचा गोळा’ म्हणतो ना, अगदी तेच. अरबीत असे लाडाचे रूप करण्याची पद्धतच आहे. हसनपासून हुसैन होते, तसे हे. पुष्कळांना वाटते की जुबेर हे जुबेदाचे पुरुषरूप आहे. तसे नाही. त्या नावाचा धातू वेगळा.

तेव्हा लक्षात घ्या, खलिफाच्या घरातले हे नाव एका आजोबाच्या मांडीवर जन्मले. खरे नाव मागे पडले आणि लाडाचे नाव बाराशे वर्षे टिकले. ते का टिकले? नुसत्या लाडाने कोणाचे नाव बाराशे वर्षे टिकत नाही.

ही मुलगी पुढे हारून अल-रशीदची बेगम झाली. हारून 786 ते 809 या काळात खलिफा होता. दौलतीला तोटा नव्हता. परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते तिचे जडजवाहीर नव्हे, तर तिने आणलेले पाणी. हजला गेल्यावर मक्केत पाण्याचे केवढे हाल आहेत ते तिने पाहिले. डोंगर फोडून, कालवे बांधून नामान खोऱ्यातील पाणी अरफातच्या बाजूला आणण्याचे काम तिने हाती घेतले. कारागीर खर्चाचा आकडा सांगू लागले, तेव्हा कुदळीच्या प्रत्येक घावाला एक दीनार पडला तरी चालेल, पण काम झाले पाहिजे, असे तिने बजावल्याची कथा सांगतात. हाच तो ‘ऐन जुबैदा’. सोळाव्या शतकात उस्मानी सुलतान सुलेमान याची कन्या मेहरिमा हिने त्याच्या दुरुस्तीचा खर्च उचलला. वेळोवेळी डागडुजी होत हा कालवा विसाव्या शतकापर्यंत मक्केला पाणी देत राहिला.

कूफा ते मक्का हा सुमारे 1400 किलोमीटरांचा वाळवंटी रस्ता. त्यावर तिने विहिरी, हौद आणि मुक्कामाच्या जागा बांधविल्या. तो आजही ‘दर्ब जुबैदा’, म्हणजे जुबेदाची वाट, या नावाने ओळखला जातो. चौदाव्या शतकात इब्न बतूता या वाटेने गेला. वाटेवरचे हौद आणि विहिरी या बाईच्या पुण्याईच्या आहेत, असे त्याने कृतज्ञतेने नोंदविले. तेव्हा तिला जाऊन जवळजवळ पाचशे वर्षे झाली होती. ती 831 मध्ये वारली. तिच्या महालात कुराण मुखोद्गत असलेल्या शंभर दासी होत्या आणि त्यांच्या पठणाचा आवाज मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमत असे, असेही लिहून ठेवले आहे. अशिक्षित बायकांचा तो महाल नव्हता, हे मुलींनी ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे हे नाव धर्माच्या वाटेने आले, तसे गोष्टींच्या वाटेनेही आले. अलिफ लैलाच्या कथांत हारूनबरोबर जुबेदा आहेच. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्या सुरस गोष्टी एकोणिसाव्या शतकात मराठीत आणल्या, तेव्हा मराठी घरांतही हे नाव वाचले गेले. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला. त्याच्या नायिकेचे नाव जुबेदा. त्या काळी हे नाव नव्या जमान्याचे होते, रुबाबाचे होते! माझ्या आईच्या पिढीत एका मोहल्ल्यात तीन-तीन जुबेदा असत. थोरली, धाकटी आणि विहिरीजवळची, असे ओळखावे लागे.

मग परवीन, नसरीन, यास्मिन ही फारसी वळणाची नावे आली. त्यानंतर सना, झोया, आयरा अशी दोन-तीन अक्षरी नावे आली. यात वाईट काही नाही. नावांनाही हंगाम असतो. एका पिढीत पुष्कळ मुलींना मिळालेले नाव पुढे आयांचे होते, मग आज्यांचे होते, आणि नातींना ते जुनाट वाटू लागते. नावात दोष नसतो. आपण ते ज्यांच्या तोंडावर पाहिले त्यांचे वय नावाला चिकटते.

आता माझ्या आईविषयी. कोकणातल्या आमच्या गावी एप्रिल-मे महिन्यांत विहीर तळाला जाई. आई पहाटे उठून डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा खेपा घाली. तिला वाचता येत नव्हते. रेशनच्या दुकानात ती अंगठा उठवी. मक्केला पाणी आणणारीचे नाव आपण वागवतो आहोत, हे तिला कोणी सांगितले नाही. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मी शिक्षिका झाले होते आणि आई हयात नव्हती. सांगायचे राहून गेले, ही खंत मला आजही आहे.

म्हणून पालकहो, माझी आपणांस विनंती आहे. मुलीला नाव द्याल त्याची हकिकत तिला सांगा. ती शाळेत टिंगल ऐकेल, त्याच्या आधी घरात सांगा. दुसरी गोष्ट, नाव सगळीकडे एकसारखे लिहा. जन्मदाखल्यावर जुबेदा, शाळेच्या रजिस्टरात झुबेदा आणि आधार कार्डावर जुबैदा असे झाले की, शिष्यवृत्ती आणि पासपोर्टच्या वेळी मुलीला हेलपाटे पडतात. दहावीच्या प्रमाणपत्राआधी दुरुस्ती करून घ्या. नंतर खटपट वाढते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. थोर स्त्रीचे नाव ठेवायचे आणि मुलीला आठवीतून घरी बसवायचे, हा त्या नावाचा सन्मान नव्हे.

त्या मुलीला मी अर्ज परत दिला आणि आठ दिवस विचार करायला सांगितले. नाव बदलणे हा तिचा हक्क होता, मी अडवणार नव्हते. आठव्या दिवशी ती आली. अर्ज तोच, पण मजकूर बदलला होता. रजिस्टरात ‘झुबेदा’ पडले आहे, ते दाखल्याप्रमाणे ‘जुबेदा’ करावे, एवढीच मागणी होती. खाली तिची आणि तिच्या वडिलांची सही होती.

मुलींनो, नाव आईबाप ठेवतात. ते काढायचे तुम्हाला असते. तुमचे नाव जुबेदा असो की झोया, ते तुमच्या हातून निघो, हीच दुवा करते आणि आपली रजा घेते. खुदा हाफिज.