लोकरीचं पहिलं दुपटं: एकच टाका, तीन पट्ट्या

आजचा भाग ऐकताना मोबाईल खिशात ठेवा, इअरफोन लावा आणि हात मोकळे ठेवा. जमलं तर दोन सुया आणि लोकरीचा एक गुंडा घेऊन बसा. आज आपण ऐकत ऐकत विणायला शिकणार आहोत. बाळाचं दुपटं. ज्यांनी आयुष्यात कधी विणायची सुई धरली नाही, त्यांच्यासाठीच हा भाग आहे. आणि मुलग्यांनो, तुम्हीपण थांबा. मामा, काका होणार असाल तर बाळंतविड्यात तुमच्याही हातचं काहीतरी असू द्या की.

आता कोणीतरी म्हणेल, "चंद्रपुरात लोकर? इथं मे महिन्यात अंड्याचं ऑम्लेट रस्त्यावर होते!" बरोबर आहे. उन्हाळा आपला पंचेचाळीसच्या वर जातो. पण डिसेंबर-जानेवारीची रात्र आठवा. मूल, सिंदेवाही, नागभीडकडची रात्र. धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या जंगलातली रात्र. कवेलूचं घर, फटीतून येणारा वारा, आणि आतमध्ये दोन दिवसांचं बाळ. आपण स्वेटर घालून शेकोटीजवळ बसतो. त्या बाळाला स्वतःला धड गरमपण ठेवता येत नाही.

हे नीट समजून घेऊ, कारण दुपटं कसं विणायचं ते यावरूनच ठरतं.

नवीन बाळाच्या शरीराचं नॉर्मल तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस. ते आईच्या पोटातून ओलं बाहेर येतं, आणि ओलं अंग लवकर गार पडतं. थंड फरशीवर, थंड कापडावर ठेवलं की उष्णता जाते. वारा लागला की जाते. डोकं अंगाच्या मानाने मोठं, म्हणून उघड्या डोक्यातून खूप जाते. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल तर त्याच्या अंगात चरबी कमी, मग ते अजून लवकर गार पडतं. गार पडलेलं बाळ सुस्त होतं, दूध ओढत नाही. दूध नाही म्हणजे अंगात ऊर्जा नाही, आणि ऊर्जा नाही म्हणजे आणखी गार. हे चक्र जीवावर बेतू शकतं.

हा विषय जगाला समजावणाऱ्या महत्त्वाच्या कामांपैकी एक आपल्या गडचिरोलीत झालं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेव्हा इथल्या गावांत बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची आणि दवाखाना लांब. त्यांनी 1995 पासून 39 गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, ताप मोजायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या, आणि बाळाला गरम कसं ठेवायचं ते आईला दाखवायच्या. त्यांच्या सामानात वजनकाटा, थर्मामीटर, औषधं होती, आणि बाळासाठी ब्लँकेट आणि झोपायची उबदार पिशवीपण होती.

1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत याचा निकाल छापून आला. त्या गावांमध्ये जन्मानंतर पहिल्या 28 दिवसांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण दर हजारी 62 होतं, ते 25 च्या आसपास आलं. हे फक्त ब्लँकेटमुळे झालं असं मी म्हणत नाही. सगळं मिळून झालं. पण इंजेक्शन असलेल्या त्या पिशवीत ब्लँकेटला जागा होती, एवढं लक्षात ठेवा. पुढे 2011 मध्ये हीच घरी जाऊन बाळ तपासायची पद्धत देशभर आशाताईंकडे आली. आज आशाताई बाळ जन्मल्यापासून 42 दिवसांत सहा वेळा घरी येते. बाळंतपण घरी झालं असेल तर सात वेळा.

म्हणजे आपलं दुपटं हे शोभेची वस्तू धरू नका, कामाची वस्तू धरा. माझ्या एका मैत्रिणीचं बाळ दोन किलोच्या आतलं होतं. आलेल्या भेटींमध्ये जाळीची नाजूक शाल होती, मण्यांची होती, रिबिनीची होती. सगळ्या पेटीत गेल्या. जाळीत बाळाची बोटं अडकायची. रोज वापरलं गेलं ते एक जाड, साधं, चौकोनी दुपटं. आणि गंमत बघा, बाळाला जे हवं, म्हणजे छिद्र नाहीत, मणी नाहीत, धुता येतं, दोन्ही बाजूंनी सारखं, तेच विणायला सगळ्यात सोपं असतं. सगळ्यात सोपी वीण हीच बाळासाठी सगळ्यात चांगली वीण. आजच्या भागात एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल.

चला, सामान.

लोकर मध्यम जाडीची, मऊ. बाजारात 'बेबी वूल' म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. ते धुवायला सोपं आणि स्वस्त. पण ॲक्रिलिक आगीजवळ वितळतं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात, तिच्याजवळ हे दुपटं कधीही नको. मेंढीची खरी लोकर जास्त ऊब देते, पण बाळाला टोचणार नाही अशीच घ्या. गालाला लावून बघा. आणि बाळ मार्च ते जूनमध्ये येणार असेल तर सरळ सुती धागा घ्या. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात लोकरीत गुंडाळलेलं बाळ तापतं, आणि तेही तितकंच वाईट. एकूण अडीचशे ते तीनशे ग्रॅम लोकर लागेल. सुती धागा जड असतो, तो जरा जास्त घ्या.

सुया चार मिलिमीटरच्या. दुकानात आठ नंबर म्हणून मागा. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, म्हणून दहा नंबर मोठा समजून घेऊ नका. शिवाय एक मोठ्या नाकाची बोथट सुई आणि कात्री. बस्स.

आता माप. दुपटं 75 बाय 75 सेंटिमीटरचं. एकदम तेवढं रुंद विणायला घेतलं तर सुईवर दीडशे टाके होतात, आणि नवीन माणूस तिथंच कंटाळतो. म्हणून आपण तीन पट्ट्या विणायच्या. प्रत्येक 25 सेंटिमीटर रुंद, 75 लांब. मग जोडायच्या. एका पट्टीला 50 टाके. आधी 20 टाक्यांचा छोटा तुकडा विणून मोजा. तो 10 सेंटिमीटर रुंद आला तर 50 बरोबर आहे. कमी भरला तर टाके थोडे वाढवा, जास्त भरला तर कमी करा.

आता हात पुढे करा. अख्ख्या दुपट्यात एकच टाका आहे, सुलट टाका. तो चार शब्दांत लक्षात ठेवा: घाल, गुंडाळ, ओढ, सोड.

धाग्याचा एक सरकफास करा आणि डाव्या सुईवर चढवा. उजव्या सुईचं टोक त्या फासात समोरून मागे घाल. मागच्या बाजूने धागा उजव्या सुईच्या टोकाला एकदा गुंडाळ. तो धागा फासातून पुढे ओढ. उजव्या सुईवर नवीन फास तयार झाला. फक्त सुरुवातीला टाके घालताना 'सोड' करायचं नाही. तो नवीन फास परत डाव्या सुईवर चढवायचा. झाले दोन टाके. असंच 50 होईपर्यंत. हा भाग पॉज करा, 50 टाके घाला, मग या. मी इथंच आहे.

आलात? आता पहिली ओळ. पहिल्या टाक्यात घाल, गुंडाळ, ओढ, आणि आता जुना फास डाव्या सुईवरून सोड. नवीन टाका उजव्या सुईवर राहिला. पुढचा टाका. पुढचा. ओळ संपली की सुया हातात अदलाबदल करा. भरलेली सुई डाव्या हातात. पुन्हा तेच. उलट टाका आपल्याला लागतच नाही. प्रत्येक ओळ सुलट विणली की कापडावर आडव्या वळ्या येतात. दोन ओळींची एक वळी. या वळ्यांमध्ये हवा अडकते आणि तीच ऊब धरून ठेवते. कापड जाड होतं, कडा गुंडाळत नाहीत, आणि उजवी-डावी बाजू कळतच नाही.

सराव करताना तीन गोष्टी बघा. पहिली, टाके मोजा. दर चार-पाच ओळींनी 50 आहेत ना? बहुतेकांचे ते आपोआप वाढतात, कारण ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे ओढला जातो आणि पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो. धागा आधी सुईच्या खाली आणा, मग सुरू करा. दुसरी, टाका सुटला तर घाबरू नका. सुटलेल्या टाक्यात लगेच सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे तो खाली उसवत जाणार नाही. मग निवांतपणे परत सुईवर घ्या. तिसरी, फार घट्ट विणू नका. टाका सुईवर सहज सरकला पाहिजे.

पट्टी 75 सेंटिमीटर झाली की टाके बंद करायचे. दोन टाके सुलट विणा, मग आधीचा टाका नंतरच्यावरून उचलून सोडा. एक राहिला. अजून एक विणा, पुन्हा उचलून सोडा. शेवटच्या फासातून धागा काढून ओढून घ्या.

वेळ किती लागेल? हिशोब करू. 75 सेंटिमीटरला साधारण 300 ओळी. 50 गुणिले 300 म्हणजे एका पट्टीत 15,000 टाके. तीन पट्ट्यांचे 45,000. नवीन माणूस मिनिटाला 20 टाके विणतो असं धरलं तर साडेसदतीस तास. म्हणजे अर्ध्या तासाचे पॉडकास्टचे 75 भाग! ताईच्या सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या दिवशी सुरू केलं आणि रोज पाऊण तास दिला, तर बाळ यायच्या आत होतं. किंवा तीन मैत्रिणींनी एकेक पट्टी वाटून घ्या. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, म्हणून ओळी मोजू नका, लांबी मोजा.

जोडताना पट्ट्या शेजारी ठेवा, वळीला वळी लावा, आणि त्याच लोकरीने बोथट सुईने शिवा. फार ओढू नका. धाग्यांची टोकं पाचेक सेंटिमीटर आत ओवून मगच कापा. हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्त थांबतं. गोंडे, मणी, बटणं काहीच लावायचं नाही. सौम्य साबणाने धुवा, आडवं पसरून वाळवा. ॲक्रिलिकला इस्त्री नको.

आणि वापर कसा करायचा, हे दुपट्यासोबत सांगून द्या. बाळाला आधी कोरडं पुसायचं. पहिले 24 तास तरी आंघोळ नाही. डोक्यात टोपडं, पायात मोजे. कमी वजनाच्या बाळासाठी सगळ्यात मोठी ऊब म्हणजे आईची छाती. उघडं बाळ उघड्या छातीवर, आणि वरून दोघांना मिळून आपलं दुपटं. याला कांगारू पद्धत म्हणतात. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इन्क्युबेटर कमी पडत होते तेव्हा ती सुरू झाली. बाबापण हे करू शकतो. तोंडावर मात्र दुपटं कधीच नको, आणि झोपलेल्या बाळाभोवती सैल टाकूनही ठेवायचं नाही.

बाळ गार आहे का, हे हाताने कळतं. पोट आणि तळपाय दोन्ही गरम, तर छान. पोट गरम पण तळपाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजते आहे. लगेच छातीला लावा, दूध पाजा. दोन्ही गार असतील, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर दुपट्यावर विसंबू नका. छातीशी धरूनच 108 किंवा 102 ला फोन करा, आशाताईला बोलवा, दवाखाना गाठा.

तर मंडळी, आज रात्री फक्त 50 टाके घाला आणि दहा ओळी विणा. वाकड्या आल्या तरी चालेल, बाळ काही मार्क देत नाही. त्याला फक्त ऊब पाहिजे. पहिल्या पाच वळ्या झाल्या की पुढच्या तुमच्या हातालाच येतील. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत घाल, गुंडाळ, ओढ, सोड!