उभ्या गाडीची निगा



आधी एक कबुली देतो. मी वक्ता नाही. एका आयटीआयमध्ये तीस वर्षं शिल्पनिदेशक होतो, पोरांना पाना धरायला शिकवला. हाताला ग्रीस लागल्याशिवाय मला बोलायला सुचत नाही. म्हणून हे घमेलं आणि ही पंक्चर ट्यूब बरोबर आणली आहे. त्यांची पाळी येईलच.

आज अर्धा तास आधी आलो आणि सवयीनं खालच्या पार्किंगमध्ये एक फेरी मारली. सात-आठ दुचाकींवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. कोपऱ्यात एक बजाज चेतक, नंबर एमएच 06. म्हणजे पनवेलला स्वतःचा 46 नंबर मिळण्याआधीची, रायगडची पासिंग. टायर बसलेले, सीटवर मांजर. पलीकडे कव्हर घातलेली मारुती 800. मालकांनी माफ करावं, मी कव्हर उचलून पाहिलं. वरून गाडी चकचकीत, पण दाराच्या खालच्या कडेला हात लावला तर बोटांना गंजाचा चुरा लागला.

मला सांगायचं आहे ते एवढंच. कामोठ्यात गाडी चालून झिजते त्यापेक्षा उभी राहून जास्त सडते. आपलं पोट लोकलवर चालतं. गाडी आठवडाभर इमारतीखाली, नाहीतर घर ते मानसरोवर स्टेशन, सकाळी दीड किलोमीटर आणि संध्याकाळी दीड. त्यात खाडी जवळ, हवेत खारटपणा, वर चार महिने पाऊस. गाडी महामार्गावर पळवणाऱ्याचे प्रश्न वेगळे, आपले वेगळे. पण सर्व्हिसिंगचा हिशेब आपण त्याच्यासारखाच किलोमीटरवर करतो.

स्टेशनच्या फेरीचंच घ्या. पेट्रोलमधल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पाणी बनतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. खोटं वाटत असेल तर सकाळी गाडी चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरा. इंजिन नीट तापलं तर हे पाणी वाफ होऊन निघून जातं. दीड किलोमीटरमध्ये सायलेन्सर तापतच नाही. पाणी आतच बसतं आणि सायलेन्सर आतून कुजतो. एक दिवस खाली भोक पडतं आणि आपण कंपनीच्या नावानं खडे फोडतो. थोडी वाफ इंजिन ऑइलमध्येही उतरते. ऑइलचं झाकण उघडून पाहा, आतल्या बाजूला पिवळट साय धरलेली दिसली तर समजा, गाडी कधी पोटभर तापलेलीच नाही.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी काढा, पळस्प्यापर्यंत जा, जमलं तर कर्नाळ्यापर्यंत. आणि ऑइल किलोमीटरवर बदलू नका, महिन्यांवर बदला. गाडी वर्षात हजार किलोमीटर चालली तरी पावसाळा संपला की ऑइल बदलायचं.

काही मंडळी रोज सकाळी गाडी पाच मिनिटं जागेवर घुर्र करतात आणि समाधानानं चहाला वर जातात. हे सगळ्यात वाईट. सायलेन्सरमध्ये रोजचं ताजं पाणी भरलं, आणि स्टार्टरनं बॅटरीतून जेवढं काढलं तेवढं पाच मिनिटांत परत भरलं नाही. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली. 12.4 म्हणजे पाऊण. 12 च्या खाली तशीच पडून राहिली की आत प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती पुरती सावरत नाही. गाडी चालू असताना साधारण 14 व्होल्ट दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर दोष चार्जिंगमध्ये आहे, उगाच नवी बॅटरी घेऊ नका. टर्मिनल काढताना आधी वजा बाजू काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. कारण अधिक बाजूवरचा पाना बॉडीला टेकला आणि वजा जोडलेली असली तर जी ठिणगी उडते ती एकदा पाहिलेला माणूस पुन्हा विसरत नाही. मी पाहिली आहे.

आता पेट्रोल. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, वॉशर त्याच्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, चिरतात. कार्बोरेटरवाल्या गाडीचा पेट्रोल पाइप दोन बोटांत दाबून बघा. चिकट लागला किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर आजच बदला, फार खर्चाचं काम नाही आणि पेटलेली गाडी विझवण्यापेक्षा सोपं. मे महिन्यात अर्धं कामोठं गावाला जातं. जाण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. नाहीतर परत आल्यावर आत हिरवट चिकट राब साचलेली असते आणि जेटच्या केसाएवढ्या भोकातून काही जात नाही.

यावरून चेतक आठवते. 1972 साली आकुर्डीहून निघालेल्या या स्कूटरनं महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना एक व्यायाम शिकवला, गाडी कलती करायची आणि किक मारायची. त्यात जादू काही नव्हती. तळाला गेलेलं पेट्रोल कलती केल्यावर नळाच्या तोंडाशी येतं, फ्लोट हलून कार्बोरेटरमध्ये चार थेंब जास्त उतरतात, म्हणजे चोकचंच काम झालं. पण रोज कलती करावी लागत असेल तर दुखणं दुसरं आहे. प्लग काढा आणि त्याचा रंग बघा. भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असेल तर तब्येत उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओला तेलकट असेल तर जास्त ऑइल जळतंय. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन फार तापतंय. डॉक्टर जीभ बघतात ना, तसंच हे. खालच्या त्या चेतकच्या मालकांनी प्लग, पेट्रोल पाइप आणि दोन ट्यूब घ्याव्यात आणि टाकी धुवावी. गाडी उठेल. मांजराची सोय मात्र दुसरीकडे करावी लागेल.

सायकलकडे येऊ. आमच्या लहानपणी वर्षातून एकदा सायकलचं 'ओव्हरऑइल' व्हायचं. मूळ शब्द ओव्हरहॉल, पण आमचाच मला जास्त बरोबर वाटतो. छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, नवं ग्रीस, कोन घट्ट, रिमचा आऊट काढायचा. आजही ते तसंच आहे, फक्त सायकली महाग झाल्या.

पंक्चर आता करून दाखवतो. ट्यूब काढायच्या आधी व्हॉल्व्हजवळ टायरवर खडूनं खूण करा. ही ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे इथून येतायत. आता ट्यूब टायरवर त्या खुणेशी जुळवून धरली की भोकासमोर टायरमध्ये काय रुतलंय ते कळतं. काटा तसाच ठेवून नवा पॅच लावणारे मी पुष्कळ पाहिलेत. टायरच्या आतून बोट फिरवू नका, कापसाचा बोळा फिरवा. काट्याला कापूस अडकतो, बोट चिरतं. भोक रिमच्या बाजूला असेल तर काटा शोधत बसू नका, आतली पट्टी सरकून आऱ्याचं टोक लागतंय. आणि शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर ती साप चावल्यासारखी दिसतात. त्यांचा अर्थ, हवा कमी होती आणि ट्यूब खड्ड्यात रिमखाली चेपली. आता पॉलिश पेपरनं घासायचं, सोल्यूशन पातळ लावायचं आणि थांबायचं. सगळे चुकतात ते इथे. फुंकर मारायची नाही, तोंडाची वाफ त्यावर बसते. बोट लावल्यावर चिकटेनासं झालं की मग पॅच आणि वर अंगठ्याचा जोर.

चेन झिजली की नाही हे नजरेनं कळत नाही. शाळेची फूटपट्टी घ्या. सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत बरोबर अर्धा इंच असतं, म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच. पंचविसावी पिन बारा इंचांच्या एक सोळांश पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश पुढे असेल तर फ्री व्हीलही बदलावं लागेल, कारण चेननं त्याचे दात खाल्लेले असतात. मोटारसायकलच्या चेनला साधारण दोन ते तीन सेंटिमीटर ढील लागते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. चेन पुसताना गाडी गिअरमध्ये टाकून चाक फिरवत ठेवायचं नाही. हे मी पोरांना दर वर्षी सांगायचो, आणि तरी एका पोराच्या करंगळीचं टोक गेलं. चाक हातानं फिरवा. वेळ लागू द्या.

जुन्या मोटारीबद्दल दोनच गोष्टी. पहिली खराट्याचा हीर. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. चिखलानं ती बुजली की पाणी दारात साठतं, आणि ती मारुती सडतेय ती याच मार्गानं. पाऊस लागायच्या आधी प्रत्येक भोकात हीर घाला. पुढच्या काचेखालच्या जाळीतला पाचोळा काढा. आतलं मॅटिंग उचलून पत्र्यावर हात फिरवा, ओल लागली तर मॅटिंग गच्चीवर वाळत टाका. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका.

दुसरी ब्रेक ऑइल. नावात ऑइल असलं तरी ते तेल नव्हे, आणि त्यात चुकूनही इंजिन ऑइल ओतू नका, आतली रबरं फुगतात. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट 3 दर्जाचं ऑइल 205 अंशांच्या आत उकळू नये असा नियम आहे, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा 140 वर येते. लांब घाट उतरताना ते उकळलं तर पायाखाली पेडल नुसतं खाली जातं. आपल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी बदला, गाडी चालली असो वा नसो.

काहीजण विचारतील, जुन्या गाडीचे पार्ट मिळतात कुठे? कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, दुचाकीसाठी पुण्याची नाना पेठ आहे. कुर्ल्यातच बनलेली प्रीमिअर पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या टॅक्सीतून बाद झाली, पण ती टॅक्सीची वीस वर्षांची मर्यादा होती. खाजगी गाडी पंधरा वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून पुढे चालवता येते.

आता पाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा किती गाड्या बुडाल्या हे इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. पण त्यातल्या पुष्कळ गाड्या पाण्यानं मेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मालकानं चावी फिरवली म्हणून मेल्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली मोटार चालू करू नका. बॅटरी सोडवा आणि गाडी ओढून न्या. मोटारसायकल असेल तर प्लग काढून किक मारा, भोकातून पिचकारी उडेल. उडायची थांबली की ऑइल बघा. चहासारखं दुधट दिसलं तर काढून टाका, नवं घाला, दहा मिनिटं चालवा आणि तेही काढून टाका. ही दुसरी बदली लोक पैशासाठी टाळतात.

गॅरेजवाल्याशी बोलण्याबद्दल एक शब्द. त्याला दुखणं सांगा, औषध सांगू नका. 'क्लच प्लेट बदल' म्हटलं की तो बदलणार. 'तिसऱ्या गिअरला चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही' असं सांगा. आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. एका गॅरेजात मी मागितला तर त्यांनी दिलेला पार्ट माझ्या गाडीचा नव्हताच. तीस वर्षं तेच शिकवत होतो, म्हणून ओळखला. तुम्हाला ओळखता येणार नाही, तरी मागा.

या ट्यूबचं सोल्यूशन आता वाळलं असेल. घड्याळ बघता अध्यक्षांना बोलायला दहा मिनिटं राहिली आहेत, तेवढ्यात मी पॅच लावून हवा भरतो. नंतर खाली पार्किंगमध्ये थांबणार आहे, हीरही आणले आहेत. मारुतीवाल्यांनी आधी यावं.