लाकडांतील काळ्या रेषा



चार महिने पावसांत उघड्यावर पडलेला आंब्याचा ओंडका जालना जिल्ह्यांतील एखाद्या वखारींत करवतीखालीं गेला, म्हणजे कधीं कधीं त्याच्या फळीवर मोठें चमत्कारिक चित्र दिसतें. फिकट लाकडावर पांढुरके पट्टे, मधूनच निळसर छटा, आणि शाईनें काढाव्या तशा बारीक, वळणदार काळ्या रेषा! सुतार बहुधा म्हणतो, "लाकूड नासलें; चुलींत घाला." परंतु ह्या रेषा कोणी काढल्या हें कळल्यावर तो निकाल तितका सरळ राहत नाहीं.

ह्या चित्राची कर्ती बुरशी होय. खोडावर उगवणारी छत्री म्हणजेच बुरशी, असें आपण समजतों. पण छत्री हें केवळ तिचें फळ. खरी बुरशी आंत, केसाहून बारीक तंतूंच्या रूपानें, लाकडांत पसरलेली असते व पाचक रस सोडून लाकडाचाच आहार करते. लाकडांत सेल्युलोज हें पांढरें तंतुद्रव्य असतें, आणि त्यास सांधून धरणारें लिग्निन हें पिंगट द्रव्य असतें. ट्रॅमेटिस व्हर्सिकलर हिच्यासारख्या बुरश्या लिग्निनही पचवितात. म्हणून त्यांच्या वाटेवरचें लाकूड पांढरें पडतें.

आतां काळ्या रेषांविषयीं. एकाच ओंडक्यांत अनेक बुरश्या वस्ती करतात, आणि अन्न तर मर्यादित. दोन वसाहती समोरासमोर आल्या कीं हद्दीवर भिंत उभी राहते. तिला काळा रंग येतो तो मेलॅनिनमुळें. आपल्या केसांस काळेपणा देणारें रंगद्रव्य त्याच वर्गांतलें. कित्येकदां एकटी बुरशीही आपला मुलूख अशा भिंतीनें बंदिस्त करते. 'मेलेल्या माणसाचीं बोटें' अशा विचित्र नांवानें इंग्रजींत ओळखली जाणारी झायलेरिया पॉलिमॉर्फा ह्या कामांत प्रसिद्ध आहे. फळीवरची रेषा ही वस्तुतः ह्या भिंतीची कापलेली कड होय. म्हणूनच पुढची फळी कापली कीं नकाशा बदलतो. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निराळा झाला, तेव्हां नकाशावर नवी रेषा उमटली. पण शेतांतून चालतांना ती पायांस लागत नाहीं. बुरशीची सीमा मात्र प्रत्यक्ष भिंतच असते.

अशा लाकडाची कदर नवी नाहीं. क्लोरोसिबोरिया नांवाची बुरशी लाकूड निळें-हिरवें करते. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इटलींतील कारागीर जडावकामांत हिरव्या रंगासाठीं तें वापरीत.

मग आपल्या ओंडक्याचें काय करावें? बुरशीस ओल, हवा व ऊब तिन्ही लागतात. लाकडांतील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारें २० टक्क्यांखालीं गेली कीं तिची वाढ थांबते. म्हणूनच जुन्या वाड्यांतील कोरड्या तुळया पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, आणि गळक्या माळवदाखालची तुळई मात्र लवकर जाते. सागाचा गाभा आपल्या अंगच्या द्रव्यांनीं बुरशीस विरोध करतो. आंब्याच्या लाकडास ती शक्ति नाहीं.

तेव्हां फळी खिळ्याच्या टोकानें टोचून पाहावी. खिळा सहज रुतला, तर सुताराचें म्हणणें खरें. फळी टणक लागली, तर मध्यें पट्ट्या घालून सावलींत, वारा खेळेल अशी रचावी व पुरती वाळूं द्यावी. तिचें तबक होईल, पेटीचें झांकण होईल, तसबिरीची चौकट होईल. शिडी, तुळई किंवा खाटेचा पाय मात्र तिचा करूं नये. रेषा सुंदर असल्या तरी बळ घटलेलें असतें. रंधा मारतांना उडणारी धूळ छातींत जाऊं नये म्हणून नाकातोंडावर मुखपट बांधावा. पुढेंही ती वस्तु ओलीपासून जपावी, कारण ओल मिळतांच हें काम पुनः सुरू होऊं शकतें.

आणखी एक पावसाळा तो ओंडका तसाच पडला, तर हीच बुरशी त्याचा भुगा करूं लागेल. म्हणून पाऊस सरतांच ओंडका कापून पाहावा, आणि चूल पेटविण्यापूर्वी फळी एकदां उजेडांत धरावी, इतकीच माझी विनंति आहे.