आधी आई शिकली



घरी शिकून पोर शहाणे होते का? होते. खरी गोष्ट सांगतो.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. लोकांनी विरोध केला. ते डगमगले नाहीत. पुढे लक्ष्मीबाईंनी लेकीला, रमेला शिकविले. दिवसभर घरकाम असे, म्हणून पहाटे धडा होई. लहानपणी रमा शाळेत गेली नाही. तरी १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ म्हटले. त्याच पंडिता रमाबाई.

आधी आई शिकली, मग लेक. तुम्हीही आता वाचू लागलात. पोरांना शाळेत धाडाच. पण रोज घटकाभर जवळ घेऊन बसा. तुम्ही वाचा, त्यांना वाचू द्या. चुकले तर रागावू नका. मात्र खाडा नको, बरं का!