मोजायला कोण होतं?

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी जे बोलायचं राहिलं, ते लिहून काढताना दोन-तीन ठिकाणी भरलं आहे.)



आयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. आपल्या मुलांनाच त्या विषयातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून मी तो बदलून मागितला. मला खेळाडूंबद्दल बोलायचंय. आता तुम्ही हसणार हे मला माहीत होतं. पी.टी.च्या तासाला दर आठवड्याला जिचं डोकं दुखायचं ती मुलगी ऑलिंपिकवर बोलतेय! सर पहिल्या रांगेत बसलेत. सर, ते डोकं खरंच दुखायचं. निदान अर्ध्या वेळा तरी.

माझं खेळाचं ज्ञान सामान्यज्ञान स्पर्धेपुरतं होतं. आठवीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत प्रश्न आला होता, ‘वैयक्तिक खेळात भारताला पहिलं सुवर्णपदक कोणी मिळवून दिलं?’ मी ऐटीत उत्तर दिलं, ‘अद्याप कोणीही नाही.’ टाळ्या पडल्या, दोन गुण मिळाले. ते उत्तर चूक होतं हे मला कळायला वीस-पंचवीस वर्षं गेली. ज्यांचं नाव घ्यायला हवं होतं ते गृहस्थ मूळचे पेठचे, इस्लामपूरजवळच्या. म्हणजे आपल्याच भागातले.

पण आधी खाशाबा जाधवांपासून सुरुवात करते, कारण त्यांचं नाव आपल्याला निदान माहीत तरी होतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ला लंडनच्या ऑलिंपिकला गेला. आयुष्य मातीत घालवलेला गडी मॅटवर उतरला आणि सहावा आला. कोल्हापूरच्या महाराजांनी त्या वेळी मदत केली होती. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पुन्हा पैशांचा प्रश्न. गावानं वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२चे सात हजार! त्या पैशांवर खाशाबा गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. कराड स्टेशनवरून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी प्राचार्यांचं कर्ज फेडायला हातभार लावला.

त्यानंतर वैयक्तिक पदक आलं ते लिअँडर पेसचं, अटलांटाला, १९९६च्या ऑगस्टमध्ये. आपण दहावी पास होऊन अकरावीच्या वर्गात नवे नवे बसलो होतो तेव्हा. मध्ये चव्वेचाळीस वर्षं गेली. खाशाबा १९८४मध्ये अपघातात गेले, त्यांना ते बघायला मिळालं नाही. अर्जुन पुरस्कारही मिळाला तो मरणोत्तर.

आता १९४८च्या लंडनकडे परत जाऊ. २९ जुलैला तिथं ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी लंडनपासून फार लांब नसलेल्या स्टोक मँडेव्हिल नावाच्या ठिकाणी, एका इस्पितळाच्या हिरवळीवर, सोळा माणसं चाकाच्या खुर्चीत बसून तिरंदाजी करत होती. चौदा पुरुष, दोन बायका. युद्धात मणक्याला इजा झालेले हे लोक. लुडविग गुटमान नावाचे डॉक्टर तिथं होते. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून ते इंग्लंडला आले होते. मणक्याचा रुग्ण म्हणजे अंथरुणात पडून शेवटाची वाट बघणारा, अशी तेव्हाची समजूत. गुटमान म्हणाले, यांना उठवून बसवा, हातात चेंडू द्या, धनुष्य द्या. त्या स्पर्धेतून पुढे पॅरालिंपिक निघालं, पहिलं १९६०ला रोममध्ये. आपल्या गोळेश्वरचे खाशाबा लंडनमध्ये मॅटवर उतरत होते त्याच दिवसांत ही दुसरी स्पर्धा सुरू झाली, हे वाचून मला कसंतरीच झालं. कारण पुढचा माणूस हेलसिंकीच्या नव्हे, त्या हिरवळीच्या वाटेनं गेला.

तो माणूस म्हणजे मुरलीकांत पेटकर. लष्करात ई.एम.ई.मध्ये होते, तिथले नावाजलेले बॉक्सर. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात कायमची राहिली, कमरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या नौदलाच्या इस्पितळात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. १९६८ला तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ला जर्मनीत हायडेलबर्ग इथं ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळवलं. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही धरून भारताचं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण. अभिनव बिंद्राचं सुवर्ण आलं २००८ला, म्हणजे छत्तीस वर्षांनी.

मग ते पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला लागले. साध्या माणसासारखे कामाला जात-येत राहिले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८मध्ये. ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा आला २०२४मध्ये, आणि त्यानंतर अर्जुन पुरस्कार. पदक मिळालं तेव्हा वय सत्तावीस, अर्जुन मिळाला तेव्हा ऐंशी. मी १९९३मध्ये ‘अद्याप कोणीही नाही’ म्हणाले तेव्हा ते सुवर्णपदक एकवीस वर्षांचं झालं होतं. परीक्षकांनीही मला दोन गुण दिले. खोटं कोणीच बोलत नव्हतं. आमच्या यादीत ते नाव नव्हतं, एवढंच.

यादीवरून मी आज जे बोलायला उभी राहिलेय त्याकडे येते.

आपल्या तुकडीत एक मुलगी होती. नाव घेत नाही. घेऊ नकोस असं तिनंच बजावलंय. पण तुम्ही ओळखलंत. एका पायाला कॅलिपर. पी.टी.च्या तासाला तिला कायमची सूट. कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर बसून ती आपल्या चपला, डबे आणि माझी डोकेदुखी सांभाळायची. हापशावर मात्र तीच असायची, आठवतंय? तिनं चार हात मारले की बादली भरायची. आपण सगळ्या बाटल्या घेऊन तिच्यापुढं रांगेत.

आठवीत मी मॉनिटर. क्रीडादिन जवळ आला तेव्हा सर मला म्हणाले, “ज्यांना भाग घ्यायचाय त्यांची नावं लिहून आण.” मी वही घेऊन बाकाबाकावर फिरले. ती म्हणाली, “माझं गोळाफेकीला लिही.” मी म्हटलं, “अगं, तुला कशाला त्रास? पडशील बिडशील. तू गुण लिहायला बस ना, तुझं अक्षर किती छान आहे.” ती काही बोलली नाही. क्रीडादिनाला टेबलापाशी बसून तिनं सगळ्यांची अंतरं सुवाच्य अक्षरात लिहिली.

सर, तुम्हाला हे कधी कळलंच नाही. तुमच्यापर्यंत वही आली तेव्हा त्यात तिचं नाव नव्हतं. तुम्ही नाही म्हणाला असतात की हो, ते मला माहीत नाही. तुम्हाला विचारायची वेळच मी येऊ दिली नाही. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा आपण किती समजूतदार वागलो असंच वाटलं होतं.

इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, हे सगळं मी विसरून गेले. काही वर्षांपूर्वी आम्ही एका अर्जाचं संकेतस्थळ बनवलं. शेवटच्या पानावर एक चित्र ओढून जागेवर बसवायचं होतं, तरच अर्ज पुढे जाणार. एका दृष्टिहीन उमेदवाराचं पत्र आलं : ‘तुमच्या अर्जात मी नापास झालो असतो तर चाललं असतं. मला अर्ज भरताच आला नाही.’ ते पान मी लिहिलं होतं. वापरणारा माणूस कोण, याच्या आमच्या यादीत तो नव्हता. आम्ही आठवड्याभरात ते दुरुस्त केलं, पण त्या रात्री मला आठवीची वही आठवली.

मग २०२४चं पॅरिस. ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवलं, तेव्हा आपल्या ग्रुपवर तीन दिवस फटाके वाजत होते. महिन्याभरानं पॅरालिंपिक झालं. आपल्या देशाला ऑलिंपिकमध्ये सहा पदकं मिळाली होती, इथं एकोणतीस. ग्रुपवर शांतता. मी रोज रात्री लॅपटॉप लावून बसायचे.

उद्घाटनाला आपला झेंडा सुमित अंतिलच्या जोडीनं नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधवच्या हातात होता. भाग्यश्री गोळाफेक करते, बसून. पहिल्यांदा मी ते नीट बघितलं. जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेली एक चौकट असते, तिच्यावर खेळाडू बसतो, कंबर-पाय बांधून घेतो आणि खांदा-हाताच्या जोरावर गोळा टाकतो. पडण्याचा प्रश्नच नाही. नागालँडच्या होकाटो सेमांनी, सुरुंगात पाय गमावलेल्या आणखी एका सैनिकानं, असाच बसून १४.६५ मीटर गोळा टाकला आणि कांस्य मिळवलं.

कोण कोणाशी खेळणार हे ठरवायला गट असतात. एफ म्हणजे मैदानी फेकी, पुढचा आकडा शरीराच्या मर्यादेचा. एफ ३४, एफ ५७, एफ ४६. मर्यादा सारखी ठेवायची म्हणजे मग फरक उरतो तो ताकदीचा, सरावाचा आणि जिद्दीचा. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही पद्धत बघून आदर वाटतो. प्रत्येक शरीरासाठी कोणीतरी बसून विचार केलाय.

त्यातल्या एफ ४६मध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचा सचिन खिलारी होता. करगणीचा. शाळेत असताना सायकलवरून पडून डावा हात मोडला, गँगरीन झालं, शस्त्रक्रिया झाल्या, हात पूर्ववत झाला नाही. पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाला, स्पर्धापरीक्षेच्या मुलांना शिकवू लागला. आधी भालाफेक करायचा, खांदा दुखावला म्हणून गोळ्याकडे वळला आणि दोनदा जगज्जेता झाला. पॅरिसला त्यानं १६.३२ मीटर टाकला. कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्टनं १६.३८. सहा सेंटिमीटरनं सुवर्ण गेलं, रौप्य आलं. मी हाताच्या बोटांनी सहा सेंटिमीटर दाखवून मुलाला म्हटलं, बघ, एवढंच. आणि तशीच बसून राहिले. सहा सेंटिमीटर मोजायला तिथं टेप घेऊन, यंत्रं लावून माणसं उभी होती. आपल्या मैदानावर एक फेक मी मोजूच दिली नव्हती.

या मेळाव्याचं ठरलं तेव्हा मी तिला फोन केला. घरचं विचारलं, मुलींचं विचारलं, आणि मग एकदम सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ती म्हणेल मला आठवत पण नाही. ती म्हणाली, “आठवतंय की. त्या दिवशी घरी जाऊन परसात पाट्यावरचा वरवंटा फेकला होता मी. आईनं फोडून काढलं.”

मी विचारलं, “किती लांब गेला होता गं?”

ती म्हणाली, “मोजायला कोण होतं?”

आणि हसली. ती हसली म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं नाही. माफ केलं असंही ती म्हणाली नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. मी या भाषणाची परवानगी मागितली, ती तिनं दिली. एक अट घातली : “मला बिचारी करू नकोस.” मी प्रयत्न केलाय. ती पॅरिसला गेली असती, असं मी म्हणत नाही. गोळा कदाचित तीन मीटरवर पडला असता. पण तो आकडा वहीत तिच्या नावापुढं असता, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात असता.

आता कामाचं. आपल्या तुकडीनं शाळेला काय द्यायचं यावर ग्रुपवर महिनाभर वाद चालू आहे. कमान की पाण्याची टाकी की स्टेजला रंग. माझा प्रस्ताव ऐका. मुख्याध्यापिका बाईंना मी विचारलं, आज शाळेत अशी चार मुलं आहेत, आणि चारही जणांना पी.टी.ला ‘सूट’ आहे. आपल्यातल्या एकाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. फेकीची चौकट करून द्यायला तो तयार आहे. माप घ्यायला परवा येतोय. पट्टे, गोळे, टेप आणि मैदानापर्यंत उताराचा रस्ता, याचा खर्च आपण वर्गणीतून करू. खाशाबांसाठी एका प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं होतं. आपल्याला एका जेवणाच्या खर्चात भागेल.

आणि येत्या क्रीडादिनाला नावं लिहायला जे मूल वही घेऊन फिरेल, त्याला एवढंच सांगायचं : जो म्हणेल त्याचं नाव लिही. पुढचं बघायला सर आहेत, बाई आहेत.

पेटकरांचं नाव मी त्या दिवशी सांगू शकले नाही. सर, ते दोन गुण माझ्याकडून परत घ्या.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते. दोन शब्द म्हणून वीस मिनिटं घ्यायची सवय मला याच शाळेनं लावली आहे.