अयाचित : स्वावलंबन आणि परक्याचा हात



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडी गिरवली, तिच्याच व्यासपीठावरून आणि तेही गुरुजींच्या स्मरणार्थ बोलावयास मिळावे, हा मी माझा बहुमान समजतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील बोलींवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज सायकलच्या शर्यतींवर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा कार्यवाह दूरध्वनीवर क्षणभर गप्पच झाले होते. परंतु या विषयाची वाट शेवटी गुरुजींनी मला विचारलेल्या एका प्रश्नापाशीच येते, म्हणून आपण थोडा धीर धरावा, ही विनंती.

२०१९ सालच्या जुलैअखेरची गोष्ट. माझ्या नातीने संगणकाच्या पडद्यावर मला युरोपचा एक नकाशा दाखवला. त्यावर काही ठिपके मुंगीच्या गतीने सरकत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक सायकलस्वार. बल्गेरियातील काळ्या समुद्राकाठच्या बुर्गासहून निघून फ्रान्सच्या पश्चिम टोकावरील ब्रेस्ट गाठायचे; अंतर सुमारे ४,००० किलोमीटर. मधली काही ठाणी ठरलेली, बाकी रस्ता ज्याने त्याने शोधायचा. घड्याळ एकदा सुरू झाले की झोपेसाठीही थांबत नाही. ‘ट्रान्सकॉन्टिनेंटल’ असे या शर्यतीचे नाव. माइक हॉल या इंग्रज सायकलपटूने ती २०१३ साली लंडन ते इस्तंबूल अशी सुरू केली. त्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, फिओना कोलबिंगर ही चोवीस वर्षांची जर्मन तरुणी १० दिवस, २ तास आणि ४८ मिनिटांत सर्वांच्या आधी ब्रेस्टला पोचली. पुरुषांनाही मागे टाकून ही शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री.

या शर्यतींचा प्राण म्हणजे स्वावलंबनाचा नियम. मागे मोटार नाही, स्वयंपाकी नाही, दुरुस्ती करणारा नाही, मित्राच्या घरी आधीच लावून ठेवलेले अंथरूण नाही. दुसऱ्या सायकलच्या आडोशाने वारा चुकवणेही वर्ज्य. दुकानातून विकत घ्यावे, खाणावळीत जेवावे, धर्मशाळेत झोपावे. म्हणजे जे कोणालाही मिळू शकते, तेवढेच घ्यावे. दुसऱ्या प्रकारच्या शर्यतीही आहेत. ‘रेस अक्रॉस अमेरिका’मध्ये स्पर्धकामागे मदतनीसांचा ताफाच चालतो. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या संघातर्फे पूर्ण केली, तेव्हा आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचले. तो पराक्रम उणा नाही; त्याचा धर्म वेगळा, इतकेच.

नातीने मला विचारले, “आजोबा, भर उन्हात दुकान बंद आहे आणि रस्त्यावरच्या एका आजीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तो घ्यायचा की नाही? घेतला तर फसवणूक का?” प्रश्न साधा वाटला. उत्तर देता येईना.

या प्रश्नाचे एक जुने आणि कठोर उत्तर फ्रान्समध्ये मिळते. १९१३ सालच्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत यूजेन क्रिस्तोफ हा पट्टीचा स्पर्धक पिरेनीज पर्वतातील तूर्माले घाट उतरत असता त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घ्यायची नाही, असा तेव्हाचा नियम. क्रिस्तोफ सायकल खांद्यावर टाकून काही कोस चालत सँत-मारी-द-काँपाँ या गावी आला आणि तिथल्या लोहारशाळेत त्याने स्वतःच्या हाताने लोखंड तापवून, ठोकून तो चिमटा सांधला. कित्येक तास गेले. विजयाची आशा मावळली. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून पाहत होते. हातोडा त्याचा, घाम त्याचा. पण हात दोनच असल्यामुळे भाता एका लहान मुलाने ओढला. तेवढ्या भात्यापायी अधिकाऱ्यांनी त्याला वेळेचा दंड ठोठावला. पुढे तो कमी केला, असे सांगतात. आज त्या गावात क्रिस्तोफच्या स्मरणार्थ फलक आहे. दंड लावणारे विस्मृतीत गेले. भात्याची गोष्ट मात्र राहिली.

दुसरे उत्तर त्याच देशाचे, पण मऊ. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची १,२०० किलोमीटरची सायकलयात्रा १८९१ साली शर्यत म्हणून प्रथम झाली. आता ती दर चार वर्षांनी भरते. जास्तीत जास्त ९० तासांत ती पुरी करायची असते. आपल्या माणसांची मदत केवळ ठरलेल्या ठाण्यांवर घेता येते, अधेमधे घेतल्यास दंड होतो. आणि तरीही त्या वाटेवरचे गावकरी रात्री-अपरात्री घरापुढे मेज मांडून पाणी, कॉफी, केक घेऊन बसलेले असतात. ला तानियेर नावाच्या वस्तीतील एक कुटुंब येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट कॉफी आणि धिरडी देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. मोबदला एकच: घरी पोचल्यावर आपल्या गावाहून एक पत्र पाठवायचे. ठरवून आलेल्या मित्राच्या हातचे पाणी दंडाला पात्र, आणि अनोळखी घरची कॉफी निर्दोष! हा विरोध नव्हे. मित्र माझ्या एकट्यासाठी आलेला असतो; ते मेज पहिल्यासाठी जेवढे, तेवढेच शेवटच्यासाठीही मांडलेले असते.

तिसरे उत्तर अमेरिकेचे. कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरील अँटिलोप वेल्सपर्यंत, रॉकी पर्वताच्या पाठीवरून सुमारे ४,४०० किलोमीटरची ‘टूर डिव्हाइड’ शर्यत जाते. तिला प्रवेशशुल्क नाही आणि बक्षीसही नाही. आधी ठरवून ठेवलेली मदत निषिद्ध. पण वाटेतल्या अनोळखी माणसाने आपण होऊन, अकस्मात केलेले औदार्य स्वीकारण्यास हरकत नाही. तिकडे त्याला ‘वाटेवरची जादू’ अशा अर्थाचे नाव आहे. याच मार्गावर न्यू मेक्सिकोत पाय टाउन नावाचे चिमुकले गाव लागते. तिथले एक घर दारात टांगलेल्या पाव भाजण्याच्या जुन्या यंत्रांवरून ओळखले जाते, आणि वाटसरूंना उघडे असण्याबद्दल त्याची ख्याती झाली. आपल्याकडील धर्मशाळेचेच हे भावंड.

हे नियम वाचत असता मला आपल्या परंपरेतील एक जुने वर्गीकरण आठवले. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाने उपजीविका कशी करावी, याचा विचार आहे. शेतात सांडलेले दाणे वेचून जगणे, त्याला ‘ऋत’ म्हटले आहे. न मागता जे मिळते, ते ‘अयाचित’. त्याला ‘अमृत’ म्हटले आहे. आणि मागून मिळवलेले ते ‘मृत’. त्या ग्रंथातील पुष्कळ गोष्टी मला मान्य नाहीत आणि त्या मान्य नसल्याचे या व्यासपीठावरून सांगण्यात मला संकोचही नाही. परंतु याचित आणि अयाचित यांतील ही रेघ सूक्ष्म आहे, आणि रॉकी पर्वतातील सायकलस्वारांनी आपल्या अनुभवातून नेमकी तीच रेघ पुन्हा ओढली आहे. आपल्याकडे माधुकरी होती: भ्रमराने फुलाला न दुखवता मध घ्यावा, तसे दहा घरांतून थोडेथोडे घ्यायचे. आपल्याकडे वार लावून जेवणेही होते. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. सायकलस्वारांच्या भाषेत बोलायचे, तर वार म्हणजे ठरवलेली मदत, आणि पंढरीच्या वाटेवर दिंडीला अकस्मात कोणी दिलेले ताक म्हणजे अयाचित.

मात्र अयाचिताची ही रेघ आता पुसट होऊ लागली आहे, हेही सांगितले पाहिजे. ठिपके घरबसल्या दिसू लागल्यापासून अनोळखी माणूस पूर्वीसारखा अनोळखी राहिलेला नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलपासून सिडनीपर्यंत सुमारे ५,५०० किलोमीटरची शर्यत झाली, तेव्हा माणसे ठिपका पाहून घराबाहेर येत आणि रस्त्याच्या कडेला स्पर्धकाची वाट पाहत उभी राहत. प्रेमच ते. पण वाट पाहणाऱ्याच्या हातचा पेला अकस्मात म्हणावा काय? आणि पुढच्या नामवंताला दहा पेले, मागून येणाऱ्या अनामिकाला एकही नाही, असे झाले तर समानता कुठे राहिली? त्याच शर्यतीत ३१ मार्च २०१७ च्या पहाटे कॅनबेराजवळ मोटारीची धडक बसून माइक हॉल मरण पावला. शर्यत थांबवण्यात आली. पुढे सिडनीत त्याला आदरांजली वाहण्यासाठी पुष्कळ लोक सायकली घेऊन जमले. त्यांतील कित्येकांनी त्याला केवळ नकाशावरच पाहिलेले होते. स्वावलंबनाच्या या प्रवर्तकासाठी इतके परके लोक रडले, हे मला अर्थपूर्ण वाटते.

परका सदैव उदार असतो, असा भाबडा सिद्धान्त मी मांडीत नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, एकोणीस-वीस वर्षांच्या वयात, सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून, बहुतांशी एकटीने केली. स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटण्यात आले. तरी ती पुढे गेली. परक्यावर विश्वास ठेवण्याची किंमत काही वेळा मोजावी लागते. पण तो विश्वासच टाकला, तर मुळात वाटच उरत नाही.

आता गुरुजींकडे येतो.

१९६८ साली मी पदवी घेतली आणि एम. ए.च्या प्रवेशासाठी कोल्हापूरला निघालो. बसचे पैसे वाचावेत म्हणून सायकलने. बेळगाव ते कोल्हापूर अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. वंटमुरीचा घाट ओलांडला, आणि संकेश्वर काही मैलांवर असता साखळी तुटली. सायकल ढकलत चाललो. ऊन चढले. एका झाडाखाली बैलगाडी सोडून एक वयस्क शेतकरी भाकरी खात बसला होता. त्याने मला हाक मारली, “बा, ऊट माडु.” ये, जेव. सायकल गाडीत टाक, संकेश्वरला सोडतो, अशी खूणही केली. मी हात जोडून “बेडा” म्हटले आणि ताठ मानेने पुढे गेलो. त्याने अर्धी भाकरी पुढे केलेला हात तसाच राहिला. संकेश्वरला पोचून सायकलच्या दुकानात रोख पैसे मोजून साखळी जोडून घेतली.

परतल्यावर ही हकीकत मी गुरुजींना अभिमानाने सांगितली. ‘कोणापुढे हात पसरू नये’ हे त्यांनीच तर आम्हांला शिकवले होते. शाबासकीची अपेक्षा होती. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू हात पसरला नाहीस, हे ठीक. पण त्याने पसरला होता, त्याचे काय? तुझा नकार भाकरीला होता, की ती देणाऱ्याला?”

मी निरुत्तर झालो, कारण उत्तर मला ठाऊक होते. तो माणूस माझ्या भाषेचा नव्हता. त्याची जात मला माहीत नव्हती. माझ्या स्वावलंबनात स्वाभिमान किती होता आणि दुरावा किती होता, हे त्या क्षणी मला लख्ख दिसले. त्या दिवशी मी कोणत्याही शर्यतीत नव्हतो. आणि असतो, तरी आजच्या नियमांनीही ती अर्धी भाकरी निर्दोष ठरली असती. ती न मागता आलेली होती, आणि माझ्या जागी दुसरा कोणी असता, तर त्यालाही मिळाली असती.

मग गुरुजींनी प्रथमच स्वतःविषयी सांगितले. ते लहानपणी वार लावून जेवून शिकले होते. “सात घरांचे अन्न माझ्या अंगात आहे. ज्या घरांनी दिले, त्यांना मी परत काही देऊ शकलो नाही. म्हणून दुसऱ्यांच्या मुलांना शिकवतो.” एवढेच बोलून ते वह्या तपासू लागले. ला तानियेरच्या त्या पत्राविषयी वाचले, तेव्हा मला हे वाक्य आठवले. घेतलेले फेडावयाचे असते. ज्याच्याकडून घेतले, त्यालाच फेडता येते असे नाही.

नातीला मी अखेर उत्तर दिले ते असे. मागून, ठरवून, ओळखीच्या जोरावर घेऊ नकोस. ते इतरांवर अन्याय करणारे आहे. पण आजीने तांब्या पुढे केला, तर थांब, सायकलवरून खाली उतर, पाणी पी, तिचे गाव विचार. दोन मिनिटे जातील. जाऊ देत. आणि तुझ्या मागून येणाऱ्या शेवटच्या स्वारालाही ते पाणी मिळेल ना, एवढे मनाशी विचारून पाहा.

या सभागृहाच्या प्रवेशद्वारी देणगीदारांचा फलक आहे. विद्यार्थी असताना मी तो कित्येकदा वाचला आहे. मोठ्या रकमांपुढे मोठी नावे आहेत. खालच्या ओळींत तीन ठिकाणी नावाऐवजी केवळ ‘एक हितचिंतक’ असे लिहिले आहे. ते मराठी होते की कन्नड, हे आता कोणालाही सांगता यायचे नाही. त्यांनी बांधलेल्या भिंतींत आपण स्वावलंबनाचे धडे गिरवले. बाहेर पडताना त्या तीन ओळींपाशी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती करतो.

संकेश्वरच्या अलीकडचा तो शेतकरी मला पुन्हा भेटला नाही. त्याची भाकरी माझ्याकडे येणे राहिली आहे, असे मी म्हणत नाही. माझे घेणे राहून गेले, असे म्हणतो.